बूथमधलं 'घूं' जात नाही तेव्हा: क्लबच्या साउंडमधलं हमिंग शोधण्याचा क्रम

गाणं वाजत असतं तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. संध्याकाळी हॉल रिकामा असताना सिस्टीम चालू करतात, किंवा डीजे ब्रेकला आवाज एकदम खाली आणतो, आणि सबमधून, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरमधून, एकसुरी 'घूं' ऐकू येतं. मग मला फोन येतो. गेली चौदा वर्षं मी पुण्यात आणि सीझनला उत्तर गोव्यात क्लबची साउंड बसवतो. या काळात सगळ्यात जास्त फोन आले ते याच एका तक्रारीचे. बहुतेक वेळा अँप, स्पीकर, मिक्सर सगळं ठणठणीत असतं. बिघाड असतो तो दोन वस्तूंच्या मधल्या जोडणीत, म्हणून पार्ट बदलून तो सापडत नाही. एकेक जोडणी सोडवत गेलं की सापडतो.

आधी आवाज ओळखा

प्रत्येक नको असलेला आवाज म्हणजे हमिंग नव्हे. दोन मिनिटं शांतपणे ऐकलं तर पुढचे दोन तास वाचतात.

रस्त्यावरच्या डीपीजवळ उभं राहिल्यावर येतो तसा जाड, गोल, न बदलणारा 'घूं' असेल तर ते खरं हमिंग. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे आवाज ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत, म्हणजे १००, १५० असा येतो. फोनवरच्या स्पेक्ट्रम अॅपमध्ये बघणार असाल तर ५० वर काही दिसलं नाही म्हणून फसू नका. फोनचा माइक तेवढं खालचं नीट पकडत नाही, १०० आणि १५० वरचे सुळके बघा.

आवाजाला धार असेल, 'झर्र' असं येत असेल आणि लाइट मंद केल्यावर तो बदलत असेल, तर डिमर किंवा एलईडीचा पॉवर सप्लाय. बारीक 'चिर्र' येतंय आणि लॅपटॉपचा माउस हलवला की ते बदलतंय, तर लॅपटॉप. नुसतं 'स्स्स' येत असेल तर ते हमिंगच नाही. सुरुवातीचा गेन (सिग्नल वाढवण्याचा नॉब) कमी ठेवलाय आणि पुढे मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) किंवा अँप जास्त उघडलाय, गेन नीट लावा. केबलला हात लागला की खरखर होत असेल तर सोल्डर सुटलेला आहे. आणि रेकॉर्डवर सुई ठेवून फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर नेताना गुरगुर वाढत जात असेल, तर तो फीडबॅक. सबची थरथर टेबलातून सुईपर्यंत पोचते आहे. त्याचा इलाज टेबल आणि त्याखालच्या रबरात आहे, या लेखात नाही.

आणखी एक प्रश्न मी फोनवरच विचारतो: 'नेहमी येतं की ठरावीक वेळी?' जनरेटरवर गेल्यावरच येतं, एसी चालू झाल्यावर येतं, मॅच दाखवतात त्याच रात्री येतं, असं काही उत्तर मिळालं की अर्धं काम झालं.

हे होतं कशामुळे

मिक्सरची बॉडी बूथच्या, म्हणजे डीजे उभा राहतो तिथल्या, सॉकेटमधून अर्थला जोडलेली असते. अँपची बॉडी रॅकच्या, म्हणजे अँप ठेवलेल्या कपाटाच्या, सॉकेटमधून अर्थला जोडलेली असते. वीस मीटर अंतरावरचे हे दोन अर्थ कागदावर एकच, पण प्रत्यक्षात त्यांच्यात थोडा व्होल्टेजचा फरक असतो, कारण लाइट, एसी, फ्रिज, एलईडी वॉल यांचा गळका करंट त्याच तारांमधून वाहत असतो. आता तुम्ही ऑडिओ केबल लावून मिक्सर आणि अँप जोडले. शेजारशेजारच्या दोन विहिरींमध्ये पाइप टाकला आणि पाण्याची पातळी वेगळी असली तर पाइपातून पाणी वाहणारच. तसा केबलच्या आतल्या बारीक तारांच्या जाळीतून ५० हर्ट्झचा करंट वाहू लागतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

आरसीए केबलमध्ये (लाल-पांढऱ्या टोकांची साधी ऑडिओ वायर) ही जाळीच सिग्नलची परतीची वाट असते. म्हणजे जाळीतला घूं थेट गाण्यात मिसळतो. एक्सएलआर (तीन पिनांचा गोल कनेक्टर) किंवा टीआरएसच्या (तीन भागांचा जॅक) बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नल दोन वेगळ्या तारांमधून उलटसुलट जातो आणि पुढचं यंत्र त्या दोघांमधला फरक तेवढाच घेतं. दोन्ही तारांवर सारखाच बसलेला घूं तिथे कटतो. खालच्या सगळ्या तपासण्यांचं मूळ एवढंच आहे.

सुरू करण्यापूर्वी एक शिस्त. कुठलीही केबल काढण्याआधी अँप म्यूट करा किंवा त्याचे नॉब शून्यावर आणा. चालू सिस्टीममध्ये जॅक ओढला की जो 'ठक्' होतो, त्यात हॉर्नमधल्या ड्रायव्हरचा डायफ्राम जातो. घूं शोधताना टॉप (वरच्या सुरांचे स्पीकर) जाळून बसलेले मी पाहिले आहेत. आणि हे काम दुपारी करा, पाहुणे आल्यावर नाही.

फुकटातल्या तपासण्या

सगळ्यात आधी मिक्सरचा मास्टर शून्यावर न्या आणि सबजवळ जाऊन ऐका. घूं तसाच राहिला तर तो मिक्सरच्या मास्टर नॉबनंतर शिरतोय. बूथ ते रॅक केबल, क्रॉसओव्हर (वरचे आणि खालचे सूर वेगळे करणारं यंत्र), अँप एवढाच भाग बघायचा, प्लेअरना हात लावायचा नाही. मास्टर खाली आणल्यावर गेला तर मास्टर परत वर करा आणि एकेक चॅनल फेडर खाली आणा. ज्याच्याबरोबर घूं जाईल तो तुमचा गुन्हेगार. सगळे फेडर खाली असूनही मास्टरबरोबर वाढत असेल तर माइक चॅनल आणि इफेक्टचे सेंड-रिटर्न बघा, तिथे काहीतरी जोडून विसरलेलं असतं. याला पैसा लागत नाही, मिनिट लागतं. तरीही लोक ही पायरी सोडून थेट नव्या केबल आणायला जातात.

बूथ मॉनिटर, म्हणजे डीजेला ऐकू यावं म्हणून ठेवलेले स्पीकर, वेगळे ऐका. हॉलचे मेन स्पीकर स्वच्छ आणि फक्त मॉनिटरमध्ये घूं, असं फार वेळा असतं. कारण ठरलेलं: पॉवर्ड, म्हणजे आतच अँप असलेले, मॉनिटर. डावा या खांबावरच्या सॉकेटवर आणि उजवा त्या खांबावरच्या, मिक्सर तिसरीकडे. पॉवर्ड स्पीकरला वीजही लागते आणि सिग्नलही, म्हणजे लूपसाठी लागणारं सगळं साहित्य एकाच डब्यात.

लॅपटॉप असेल तर त्याचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. घूं किंवा चिर्र तत्क्षणी गेला तर लूप चार्जर आणि यूएसबीमधून फिरत होता. कायमचा उपाय म्हणून चार्जर त्याच बोर्डवर लावा ज्यावर मिक्सर आहे. अॅल्युमिनियमच्या लॅपटॉपवर हात फिरवताना झिणझिण्या येतात तो दोन पिनच्या चार्जरमधला बारीक गळका करंट. चार्जरला तीन पिनची कॉर्ड लागत असेल तर ती वापरा.

टर्नटेबल असेल तर ग्राउंडची वायर बघा. टेक्निक्सच्या एसएल-१२०० सारख्या टर्नटेबलला आरसीएबरोबर एक बारीक वायर येते, टोकाला चिमट्यासारखा लग असतो. ती मिक्सरमागच्या ग्राउंडच्या स्क्रूवर घट्ट बसायला हवी. ती सुटली की फक्त फोनो (टर्नटेबलच्या) चॅनलवर मोठा घूं येतो आणि टोनआर्मला बोट लावलं की बदलतो. सुईतून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो. फोनो प्रीअँप त्याला साधारण शंभर पट वाढवतो, खालच्या सुरांना त्याहूनही जास्त, म्हणून तिथे तसूभर चूकही ऐकू येते. तसंच लाइनचं उपकरण (प्लेअर, लॅपटॉप) फोनोच्या स्विचवर राहिलं आहे का, तेही बघा.

मॅचच्या रात्रीचा घूं

यावर वेगळं लिहितो, कारण इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. स्पोर्ट्स बार आणि क्लब एकत्र असलेल्या जागी सेट-टॉप बॉक्सचा आवाज मिक्सरला जोडलेला असतो. बॉक्सला गच्चीवरच्या डिशची किंवा केबलवाल्याची कोॲक्सियल वायर येते. त्या वायरची बाहेरची जाळी वर गच्चीवर कुठेतरी लोखंडाला, किंवा पुढच्या इमारतीतल्या अर्थला टेकलेली असते. म्हणजे तुमच्या मिक्सरला एक परका अर्थ जोडला गेला. तपासणी सोपी आहे: बॉक्सची कोॲक्सियल वायर मागून सोडवा. चित्र जाईल. घूंही गेला तर उत्तर मिळालं.

व्हीजेचा, म्हणजे पडद्यावरचे व्हिडिओ चालवणाऱ्याचा, लॅपटॉपही तसाच. त्याची एचडीएमआय एलईडी वॉलच्या प्रोसेसरला जाते आणि ऑडिओ तुमच्या मिक्सरला. एचडीएमआयची जाळी म्हणजे वॉलचा अर्थ. वॉलमध्ये पॉवर सप्लायची रांग असते आणि प्रत्येकाचा थोडा थोडा करंट अर्थमध्ये गळतो. ऑडिओची वायर काढून बघा. या दोन्ही ठिकाणी ऑडिओच्या वाटेत चांगला ऑडिओ ट्रान्सफॉर्मर किंवा ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (सिग्नल बॅलन्स्ड करणारा छोटा डबा) टाकणं हाच योग्य इलाज. त्यात सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तार मात्र जोडलेली राहत नाही.

थोड्या खर्चाच्या तपासण्या

आता केबल. आरसीएची डावी-उजवी मिक्सरच्या टोकाला अदलाबदल करा. घूं बाजू बदलून गेला तर तो केबलमधून किंवा तिच्या मागून येतोय, नाही बदलला तर मिक्सरच्या पुढून. गोव्यात आणि कोकणपट्टीत खारी हवा आरसीएचे आणि जॅकचे तोंड खाते. पावसाळ्यात महिनोन्‌महिने बंद राहिलेला क्लब ऑक्टोबरात उघडला की पहिल्या रात्रीच्या निम्म्या तक्रारी कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि मऊ कापडावर संपतात. वीज बंद करून फवारा आणि पूर्ण सुकू द्या.

मग बूथ ते रॅक जाणारी लांब केबल. मिक्सरमागे बॅलन्स्ड बूथ आउट टीआरएसचा असतो आणि त्यात कुणीतरी गिटारची मोनो जॅकची केबल खुपसलेली असते. दिसायला सारखीच, पण जॅकवर दोन काळ्या रेघा हव्यात, एक दिसली की ती मोनो. बॅलन्स्ड आउटचा सगळा फायदा तिथे संपतो. लांब पल्ल्याला आरसीए टाकलेली असेल तर ती बदलाच. मिक्सरचा मास्टर एक्सएलआरमधूनच घ्या. एक्सएलआरमध्ये एक नंबरची पिन जाळीची, दोन आणि तीन सिग्नलच्या. मल्टिमीटर बीपवर ठेवून तिन्ही पिना या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि आपसात तपासा. दोन किंवा तीन तुटलेली असेल तरी केबल आवाज देते, पण कमी आणि घूंसकट. बीप वाजताना केबल दोन्ही टोकांना वाकवूनही बघा.

केबल कुठून जाते हेही बघा. फॉल्स सीलिंगमध्ये ऑडिओ आणि एसीची वायर एकाच पट्ट्यात आवळलेली असते. हातभर अंतर ठेवा. जिथे ओलांडायचंच आहे तिथे काटकोनात ओलांडा.

यानंतरची तपासणी माझी सगळ्यात आवडती, कारण बहुतेक वेळा इथेच निकाल लागतो. रॅकला जिथून वीज येते तिथूनच एक चांगली तीन तारांची, अडीच चौरस मिलिमीटरची एक्स्टेन्शन बूथपर्यंत ओढा. मिक्सर, प्लेअर, लॅपटॉप, बूथ मॉनिटर सगळं त्या एका बोर्डवर लावा. बूथच्या भिंतीतलं सॉकेट मोकळं सोडा. मालक विचारतात, 'एवढा लोड पेलेल का?' दोन प्लेअर आणि मिक्सर मिळून दीड-दोनशे वॉटही घेत नाहीत. मॉनिटरचं बघावं लागतं, बाकी काही नाही. घूं गेला तर ही तात्पुरती वायर तशीच पायाखाली ठेवू नका, वायरमनकडून पाइपातून कायमची करून घ्या.

इथे एक गैरसमज काढायला हवा. 'साउंड एका फेजवर, लाइट दुसऱ्या फेजवर घेतली की हमिंग जातं' असं अनेक जण सांगतात. घूं जातो तो अर्थचा बिंदू एक झाल्यामुळे. साउंडचं सगळं सामान एका फेजवर ठेवायचं ते सुरक्षेसाठी, कारण दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास असतात आणि बूथमध्ये हाताच्या अंतरावर ते नकोत.

लाइटची शंका असेल तर रिकाम्या हॉलमध्ये एकेक सर्किट त्याच्या नेहमीच्या स्विचने बंद करत जा. क्लबचा इलेक्ट्रिशियन सोबत ठेवा. कुठल्या स्विचला घूं कमी होतो ते वहीत लिहा.

रॅकजवळ शेवटची तपासणी. अँप बंद करा, त्याच्या इनपुटच्या सगळ्या केबल काढा, परत चालू करा. स्पीकरमधून तरीही घूं येत असेल तर दोष अँपचा, बहुधा त्यातले फिल्टरचे कपॅसिटर सुकलेत. झाकण उघडू नका. वायर काढल्यावरही आत जीवघेणा चार्ज राहतो. सर्व्हिस सेंटरला द्या. स्पीकरमधून काही नाही पण डब्यातूनच गुणगुण येत असेल तर तो ट्रान्सफॉर्मर थरथरतोय, हॉलमध्ये त्याचा त्रास नाही.

ट्रान्सफॉर्मर सगळ्यात शेवटी

एवढं करूनही घूं राहिला तरच मिक्सरकडून रॅककडे जाणाऱ्या मेन ऑडिओ लाइनवर (विजेच्या नव्हे) आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. स्वस्तातले छोटे ट्रान्सफॉर्मर खालच्या सुरांना भरून जातात आणि क्लबमध्ये तर जीव खालच्या सुरांतच असतो. घूं जाईल आणि किकची (ड्रमच्या ठोक्याची) ताकदही जाईल. घेण्याआधी त्याच हॉलमध्ये, पूर्ण आवाजात, तुमच्या ओळखीच्या ट्रॅकवर ऐकून घ्या.

अर्थची पिन कापू नका

ज्या उपायाने घूं हमखास जातो, तोच मी कधीही करत नाही. तीन पिनच्या प्लगची वरची जाड पिन काढायची, तिच्यावर टेप गुंडाळायची, किंवा मध्ये दोन पिनचा कन्व्हर्टर घालायचा. लूप तुटतो, घूं थांबतो आणि करणारा शाबासकी घेऊन जातो.

वागातोरच्या बाजूला एका जागी मला माइकच्या तक्रारीसाठी बोलावलं होतं. निवेदन करणाऱ्या मुलीच्या ओठांना माइक लागला की झिणझिण्या येत होत्या. रॅकमागे पाहिलं तर दोन्ही अँपच्या प्लगची अर्थ पिन कापलेली. म्हणजे पूर्ण रॅकला अर्थ मिळत होता तो फक्त बूथकडून येणाऱ्या ऑडिओ केबलच्या जाळीतून. कुणी ती एक्सएलआर काढली असती, एका हातात केबल आणि दुसरा हात रॅकवर, आणि त्या क्षणी अँपमध्ये बिघाड असता, तर वाट त्याच्या छातीतून होती. त्या मुलीला आधी स्टेजवरून खाली बोलावलं, मेन बंद केला, मग प्लग बदलले. घूं परत आला. तो मी दुसऱ्या दिवशी वीज एका ठिकाणाहून घेऊन काढला. एक रात्र लोकांनी घूं ऐकला तर काही बिघडत नाही.

डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायला हरकत नाही. ते ऑडिओची जाळी सोडवतं, विजेचा अर्थ नाही. हा फरक बूथमधल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा.

इथे थांबा आणि वायरमनला बोलवा

कुठल्याही धातूला, माइकला, रॅकला हात लावून झिणझिण्या आल्या, तर तपासणी तिथेच थांबवा. तो आता साउंडचा प्रश्न राहिला नाही.

मल्टिमीटर सॉकेटमध्ये वापरायची सवय असेल तरच पुढचं मोजा, नाहीतर वायरमनकडून मोजून घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. न्यूट्रल-अर्थ दहा-वीस दिसलं, किंवा फेज-अर्थ निम्म्यावर घुटमळलं, तर अर्थ ढिला आहे किंवा नाहीच. दिवे काही ठिकाणी जास्त उजळ आणि काही ठिकाणी मंद होत असतील तर न्यूट्रल ढिला असू शकतो. तो सुटला तर तुमच्या मिक्सरवर २३० च्या जागी चारशेच्या जवळ येऊ शकतात. तेव्हा मेन बंद करून बाहेर या. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सारखा पडतोय म्हणून कुणी बायपास केला असेल, सॉकेट तापत असेल, जळका वास येत असेल, तर डीबीचं (विजेच्या मुख्य स्विचबोर्डाचं) झाकण तुम्ही उघडायचं नाही. घूं फक्त जनरेटरवर येत असेल तरीही काम वायरमनचंच: चेंजओव्हर (मेन वीज आणि जनरेटर बदलणारा स्विच), जनरेटरचा न्यूट्रल आणि त्याचा अर्थ कुठे जोडला आहे ते बघावं लागतं.

परवानाधारक वायरमनला 'हमिंग काढा' असं सांगू नका, तो गोंधळेल. त्याला विचारा: बूथ, रॅक, एलईडी वॉल आणि बारच्या सॉकेटचे अर्थ एकाच पट्टीवर येतात का? साउंडसाठी 'स्वच्छ अर्थ' म्हणून वेगळा खड्डा केला असेल तर तो बाकीच्या खड्ड्यांशी जोडलेला आहे का? वेगळा सोडलेला खड्डा घूं वाढवतो आणि धोकाही. आयएस ३०४३ हे अर्थिंगचं भारतीय मानक त्याच्याकडे असतं, त्यानुसार खड्ड्याचा रोध मोजून कागदावर घ्या. गोव्यातला जांभा आणि पुण्याचा काळा पाषाण उन्हाळ्यात कोरडा पडला की मीठ-कोळशाच्या खड्ड्याचा रोध चढतो, म्हणून मोजणी एप्रिल-मेमध्ये करा, जुलैमध्ये नाही.

वायरमन गेल्यावर सगळं सामान परत जोडा आणि पुन्हा पहिल्या पायरीवर या: मास्टर शून्यावर, एसी चालू, लाइट चालू, एलईडी वॉल चालू, आणि तुम्ही सबजवळ उभे.